अपोलोनियाची पक्कड

"मी मागच्या बैठकीत म्हटलं होतं ते एवढंच," व्हर्लीन म्हणाली, "की टोपीत—"

टण्ण.

"माफ करा हं, मिसेस बटीस्ट," ब्रोकमायर सर म्हणाले. "चुकून हात लागला. बोला, बोला."

घंटी मुख्याध्यापक ब्रोकमायरांच्या मांडीवर होती. एरवी ती वेदीवर असते. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, फादर भाकर उंच धरतात तेव्हा वाजते. पण ऑगस्टमध्ये शाळेने एका सल्लागार बाईंना बोलावलं होतं, आपल्यातला भेदभाव कसा ओळखावा ते शिकवायला. त्या सांगून गेल्या की खुर्च्या गोल मांडा, आणि प्रत्येकाला सारखी दोन मिनिटं द्या. तेव्हापासून सेंट ओडिलो शाळेच्या तळघरात खुर्च्या गोल असतात. समितीचं नाव 'सर्वांचं टेबल'. टेबल नसतं.

गोलात काळी अशी व्हर्लीन एकटी. तिला सगळ्यांइतकीच दोन मिनिटं मिळायची. आता, 'मला अगदी पटलं' एवढंच म्हणायचं असेल तर दोन मिनिटं पुष्कळ होतात. 'नाही, तुम्हाला कळलं नाही' हे सांगायचं असेल, तर आधी काय कळलं नाही ते सांगावं लागतं, मग का, आणि मग—

टण्ण.

*संत ब्लेझ, घशाचं दुखणं घालवणाऱ्या,*
*आमच्यासाठी विनंती कर.*

टोपीचं आधी सांगायला हवं होतं. तेच ती सांगत होती.

शाळेच्या कपाटात एका फार जुन्या फादरांची काळी चौकोनी टोपी आहे. दर ऑक्टोबरात ती तिसरीच्या वर्गात येते. आत संतांच्या नावांच्या चिठ्ठ्या. मूल डोळे मिटून हात घालतं आणि ज्याचं नाव निघेल तो त्याचा संत. सकल संतांच्या सणाला त्या संताचं सोंग घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये जायचं आणि माइकवर तीन वाक्यं म्हणायची. संत आपण निवडायचा नाही, तो आपल्याला निवडतो. फक्त दोघं राजी असतील तर शुक्रवारपर्यंत अदलाबदल चालते.

हे नुसतं सोंग नव्हे. त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या वस्तीत, तिसरीतला संत माणसाला जन्मभर चिकटतो. उपासाच्या शुक्रवारी, मांस वर्ज्य पण मासे चालतात म्हणून, हॉलमध्ये मासे तळताना साठीचे बाप्ये एकमेकांना हाका मारतात, "ए ब्लेझ, मीठ दे रे." ब्लेझचं खरं नाव डॉनल्ड असतं.

गेल्या वर्षी शहराच्या उत्तरेकडची सेंट ज्युलियाना शाळा बंद झाली आणि व्हर्लीनची डेल्फीन इकडे आली. दुसऱ्याच आठवड्यात शाळेच्या कुंपणावर मोठा फलक लागला: 'इथे सगळे आपले'. फलकावर डेल्फीनचा चेहरा दाराएवढा. कोणी विचारलं नव्हतं. डेल्फीनला आवडला तो फलक. व्हर्लीन गप्प बसली आणि समितीवर यायला 'हो' म्हणाली.

समितीत पहिल्यांदा तोंड उघडलं ते टोपीसाठी. त्या टोपीत सगळे संत गोरे. ती म्हणाली, "आणखी चिठ्ठ्या घाला. बखिता घाला, मार्टिन घाला, युगांडाचे लवांगा घाला, कटेरी घाला. कोणाच्याही हाताला कोणीही लागू दे. तुमच्या ब्लेझच्या नातवाला लवांगा लागू दे. म्हणजे साठीला आल्यावर मासे तळताना लोक त्याला हाक मारतील, 'ए लवांगा, मीठ दे.'"

सगळे हसले. सगळ्यांना पटलं. कोणीतरी डोळेसुद्धा पुसले.

आणि त्यांनी टोपीच बंद केली.

"तुमच्यामुळे आमचे डोळे उघडले," असं ब्रोकमायर सरांचं म्हणणं. यंदापासून प्रत्येक मुलाला त्याच्या त्याच्या मुळांचा संत. आयरिशाला पॅट्रिक, जर्मनाला बोनिफेस, पोलिशाला स्तानिस्लाव. मिन्ह नावाच्या पोराला व्हिएतनामी हुतात्मा, गवती टोपीसकट. मिन्हचा बाप इथल्याच अग्निशमन दलात आहे आणि मिन्हला जॉर्ज हवा होता, ड्रॅगनसकट.

डेल्फीनला बखिता.

*संत जोसेफिन बखिता, सुदानात पळवून नेऊन विकलेली,*
*आमच्यासाठी विनंती कर.*

डेल्फीन शाळेतून आली ती मनगटाला कागदाची साखळी अडकवून. तपकिरी कागद, एकात एक गुंतवलेल्या कड्या.

"हे काय गं?" व्हर्लीनने विचारलं.

"बखिताची बेडी. आर्टच्या तासाला केली. केम्पर मिस म्हणाल्या, माइकपाशी गेलं की फट्कन तोडायची. लोकांना आवडेल."

व्हर्लीन फ्रिजपाशी उभी राहिली. फ्रिजवर बखिताचं चित्र होतंच, व्हर्लीनच्या आईने लावलेलं, चुंबकाखाली. त्या घराचं बखिताशी भांडण नव्हतं. आई रोज दूध काढताना तिला 'गुड मॉर्निंग, सिस्टर' म्हणायची.

"तुला आवडत नाही का ती?"

"बखिता चांगलीये," डेल्फीन म्हणाली. "पण तिच्याकडे पक्कड नाहीये."

पक्कड अपोलोनियाकडे. दातांची संत. तिच्या चित्रात ती हातात पक्कड धरून उभी असते आणि पकडीत अख्खा दात, मुळांसकट. व्हर्लीन दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. तिथे भिंतीवर ते चित्र आहे, सोनेरी केसांची, गुलाबी गालांची अपोलोनिया. डेल्फीन चार वर्षांची असल्यापासून त्याच्याखाली बसून आईची वाट बघायची. टोपीचं कळल्यापासून तिचा बेत पक्का होता. अपोलोनियाची चिठ्ठी कोणाला तरी निघणार, त्या रडूबाईला दातांची किळस येणार, आणि डेल्फीन तिला सांगणार: "मला दे. माझी सेसिलिया-बिसिलिया जी निघेल ती घे, वर माझ्या सगळ्या जेलीच्या गोळ्या घे."

"मम्मा, तू टोपी बंद करायला सांगितलीस?"

"नाही."

"केम्पर मिस म्हणाल्या, तुझ्या मम्मामुळे झालं. 'थँक यू' सांग म्हणाल्या."

*संत योब, सोसणाऱ्या,*
*आमच्यासाठी विनंती कर.*

तर पुन्हा तळघर. पुन्हा गोल.

या वेळी तिने घाई केली. एका दमात सांगितलं: टोपी परत आणा, जुने-नवे सगळे संत एकत्र घाला, बेडी नको, आणि माझ्या मुलीला अपोलोनिया हवी होती, बखिता नव्हे. एवढं बोलून झालं तरी घंटी वाजली नाही. तिलाच नवल वाटलं.

केम्पर मिस फोनवर काहीतरी शोधत होती. वय चोवीस-पंचवीस, पोरगी मनाने चांगली, वर्गातल्या मुलांच्या वाढदिवसाला स्वतः केक भाजून आणायची. तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"अहो! अपोलोनिया अलेक्झांड्रियाची आहे!"

"म्हणजे?" ब्रोकमायर सर.

"इजिप्त! म्हणजे आफ्रिका!"

गोलातून एक मोठा सुस्कारा फिरला. ब्लेझ, म्हणजे डॉनल्ड, मांडीवर थाप मारून म्हणाला, "घ्या! मिटलं की मग! मुळांतच बसतंय!"

"काय योगायोग बघा, मिसेस बटीस्ट," ब्रोकमायर सर म्हणाले. "तुमच्या मुलीच्या आतल्या आवाजालाच कळलं असणार."

"तिच्या आतल्या आवाजाला पक्कड हवीय," व्हर्लीन म्हणाली. "ती बाई आफ्रिकेची निघाली म्हणून द्यायची असेल, तर नको."

"नको?"

"नको. ती नॉर्वेची असती तर?"

"पण नाहीये ना नॉर्वेची!"

"असती तर दिली असती का, ते विचारतेय मी."

वर चर्चमध्ये कोणीतरी ऑर्गनवर सूर लावून बघत होतं. तोच एक स्वर, पुन्हा पुन्हा.

"तुम्हाला अपोलोनिया हवी होती," ब्रोकमायर सर हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले. "आम्ही अपोलोनिया देतोय. आता तुम्ही नको म्हणताय. मला खरंच समजून घ्यायचंय, मिसेस बटीस्ट. तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

"टोपी."

"टोपीतून तिला अपोलोनिया निघेलच असं नाही."

"नाही निघणार कदाचित."

"मग?"

"मग जे निघेल ते. सगळ्यांना निघतं तसं. आणि मिन्हला—"

टण्ण.

केम्पर मिसच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी चांगल्याच हेतूने करायला गेले," ती म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. डॉनल्डने तिला रुमाल दिला. कोणीतरी पाठीवरून हात फिरवला. रडण्याला दोन मिनिटांची मर्यादा नव्हती. शेवटी व्हर्लीनच उठली, तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "असू दे गं. तुझ्यावर राग नाही." हे म्हणताना आपला हात आपल्याच मनाविरुद्ध त्या पोरीच्या खांद्यावर कसा गेला, ते तिला कळलं नाही.

टोपीचा विषय जानेवारीच्या बैठकीवर ढकलला गेला. सण नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला.

*संत ख्रिस्तोफर, वाटसरूंना सांभाळणाऱ्या,*
*आमच्यासाठी विनंती कर.*

गाडीत घंटी नव्हती, म्हणून गाडीत ती बोलली, मला काय हवंय विचारता, मला हवंय की माझ्या पोरीने दाताची पक्कड मागितली तर तुम्ही तिच्याकडे बघून हसावं आणि म्हणावं ई, दात काय, आणि बास, तिथे संपावं, तिच्या कातडीपर्यंत जायचं कारण काय, ती पक्कड मागतेय, तुम्ही नकाशा उघडताय, आणि मी तुम्हाला चार चिठ्ठ्या घाला म्हटलं तर तुम्ही टोपीच गुंडाळलीत, म्हणजे आधी आम्ही नव्हतो टोपीत आणि आता आम्ही आहोत पण टोपीच नाही, आणि वर मला 'थँक यू', आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुमच्यात एक जण दुष्ट नाही, एक जण दुष्ट असता तर मी त्याला—

टण्ण.

पेट्रोल संपत आलं होतं.

*संत मोनिका, लेकरासाठी रडणाऱ्या,*
*आमच्यासाठी विनंती कर.*

"ते 'हो' म्हणाले?" डेल्फीनने विचारलं.

खोटं बोलायचं नाही असं घरात ठरलेलं. "म्हणाले."

"येस्स!"

"मी 'नाही' म्हटलं."

डेल्फीनला आधी ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "ते 'हो' म्हणाले आणि तू 'नाही' म्हणालीस?"

"ते चुकीच्या कारणासाठी 'हो' म्हणत होते, बाळा."

"मग काय झालं? पक्कड तर तीच आहे ना!" डेल्फीन ओरडली. "तुला समितीत जिंकायचंय. मला पक्कड हवीय!" आणि खोलीचं दार आपटलं.

व्हर्लीनची आई अर्थालीन टेबलाशी बसून भेंडी चिरत होती. डेल्फीन तिला बिग मा म्हणते. बिग माने आणखी तीन-चार भेंड्या चिरल्या.

"सेंट ओडिलोच्या चर्चमध्ये मी लहानपणी गेलेय, ठाऊक आहे ना तुला," ती म्हणाली. "मावशी तिथल्या डॉक्टरांकडे कामाला होती. मागचे दोन बाक आमचे. सगळ्या गोऱ्यांचं झालं की मग आम्ही वेदीपाशी जायचं. शेवटी."

"माहितेय, मा. आणि तू मुकाट जायचीस."

"जायचे. रांग चुकीची होती. भाकर नव्हती चुकीची."

"म्हणून तर पन्नास वर्षं रांग तशीच राहिली!"

"ए." सुरी खाली ठेवली गेली. "रांग आम्ही नाही लावली. मला भूक लागलेली असायची, समजलं? माझ्या आईने मला बाहेर उभं केलं असतं, तत्त्वासाठी, तर तत्त्व राहिलं असतं आणि मी उपाशी. तू बरोबर असशील. असशीलच. पण उपाशी कोण राहतंय, ते बघ."

व्हर्लीनने फोन घेतला. ब्रोकमायर सरांना लांबलचक मजकूर लिहिला. खोडला. दुसरा लिहिला, नीट, न चिडता, टोपीसह, मिन्हसह. तोही खोडला. शेवटी पाठवलं ते एवढंच: 'ठीक आहे. अपोलोनिया.'

लगेच उत्तर आलं. एक अंगठा. ब्रोकमायर सर एरवी सगळ्यांना पिवळा अंगठा पाठवतात. हा तपकिरी होता.

तिने फोन भेंड्यांच्या देठांत उपडा ठेवला.

*सकल संतजनहो,*
*आमच्यासाठी विनंती करा.*

पक्कड पुठ्ठ्याची, वर चांदीचा कागद, लांबी डेल्फीनच्या हाताएवढी. दात दवाखान्यातला, मुलांना दाखवायचा, प्लास्टरचा, मुळांसकट. डेल्फीनने आईशी अबोला सोडला होता; दोन दिवस ती आरशासमोर वाक्यं घोकत होती. पहिली दोन केम्पर मिसने लिहून दिलेली. तिसरं तिचं स्वतःचं, कोणाला न सांगता ठेवलेलं.

चर्च भरलं होतं. ऑर्गन सुरू झाला आणि तिसरीचा वर्ग मधल्या वाटेने आला. हिरवा पॅट्रिक. बोनिफेसच्या हातात कुऱ्हाड, तिलाही चांदीचा कागद. मिन्हची गवती टोपी डोळ्यांवर येत होती आणि तो दर पावलाला ती मागे ढकलत होता. डेल्फीन पक्कड छातीशी धरून चालली, मान ताठ, आणि बिग माच्या बाकापाशी आल्यावर पक्कड एकदा कट्कन मिटवून दाखवली. बिग मा खुदकन हसली. व्हर्लीनसुद्धा. त्या क्षणी तिला वाटलं, बरं केलं. हरले ते बरं केलं.

पॅट्रिकने तीन वाक्यं म्हटली. चर्चमध्ये शांतता, एखादा खोकला. बोनिफेसने म्हटली. मिन्हने म्हटली, टोपी धरून. मग डेल्फीन माइकपाशी आली. माइक खाली करावा लागला.

"मी अलेक्झांड्रियाची अपोलोनिया."

चर्च शांत.

"मी आफ्रिकेची कन्या."

टाळ्या.

आधी डॉनल्डच्या. मग केम्पर मिसच्या. मग सगळ्या बाकांच्या, उजवीकडून डावीकडे पसरत गेलेल्या, आणि पुढच्या रांगेतले काही जण उभेच राहिले. मिस्सेत तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही. फादर निवृत्त झाले तेव्हाही वाजवल्या नव्हत्या. टाळ्यांच्या आत डेल्फीनचे ओठ हलताना दिसत होते. तिने पक्कड उंच धरली होती, पकडीत दात. ती काहीतरी म्हणत होती. पूर्ण ताकदीनिशी म्हणत होती, गळ्याच्या शिरा दिसत होत्या, आणि म्हणून झालं तेव्हा ती थांबून वाट बघत राहिली. टाळ्या अजून चाललेल्या होत्या.

व्हर्लीनचे हात मांडीवर होते.

*(इथे एक संत राहून गेला. ऐकू आला नाही.)*

नंतर हॉलमध्ये कॉफी आणि डोनट होते, पण डेल्फीन थेट गाड्यांकडे गेली. व्हर्लीन मागून आली. बिग माला डोनट सोडवेना, ती आतच राहिली.

"मम्मा, सगळ्यांना एवढ्या टाळ्या नाही मिळाल्या."

"नाही."

"मिन्हलाही नाही. मी तर दातांचं अजून सांगितलंही नव्हतं." ती पक्कड उघडत-मिटत होती. "मग कशाला वाजवल्या?"

कोट्यवधी शब्द व्हर्लीनच्या तोंडाशी आले. गाडीतले सगळे, खोडलेले सगळे. नऊ वर्षांच्या पोरीला त्यातला कुठला द्यायचा?

"तिसरं वाक्य ऐकलंस तू?" डेल्फीनने विचारलं.

"नाही बाळा. नाही ऐकू आलं."

"तुलासुद्धा नाही?"

"मला सांग आता."

"इथे?"

"इथे. मी ऐकतेय."

डेल्फीनने आजूबाजूला पाहिलं, मग पार्किंगच्या कडेच्या दगडी कठड्यावर चढली, पक्कड वर केली आणि रिकाम्या गाड्यांना मोठ्याने सांगितलं:

"त्यांनी माझे सगळे दात पाडले, तरी त्यांना जे हवं होतं ते मी बोलले नाही!"

व्हर्लीनने टाळी वाजवली नाही. तिच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये तिचं 'ठीक आहे' होतं. ती फक्त मान हलवत राहिली, पुन्हा पुन्हा, पोरगी खाली बघेपर्यंत.

"इथे आहात होय!" हॉलच्या दारातून ब्रोकमायर सर येत होते. मागे केम्पर मिस, कॅमेरा घेऊन. "आम्ही शोधतोय केव्हाचे. काय सुंदर झालं, मिसेस बटीस्ट! अंगावर काटा आला. डेल्फीन, अशीच उभी राहा हं कठड्यावर. कुंपणावरचा फलक बदलायचाय आपल्याला, एकच फोटो. मागे चर्च येऊ दे. पक्कड थोडी खाली. हां."

व्हर्लीन पुढे झाली. "सर, आधी विचारायचं—"

"एक मिनिट हं," ब्रोकमायर सर म्हणाले, आणि कठड्याकडे वळले. "डेल्फीन! तोंड का मिटलंयस? हस ना बाळा. दात दिसू देत."

डेल्फीनने ओठ आणखी घट्ट मिटले. पकडीतला दात त्यांच्या नाकासमोर धरला.

"पाडलेत," ती म्हणाली.